सुंदरलाल होरा आणि सातपुड्याचा पूल

सुंदरलाल होरा हे नाव प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला भेटतं ते बहुधा ‘सातपुडा सिद्धान्ता’पुरतं. परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहायची आणि पुढे जायचं. माझं म्हणणं असं, की होरांचं सगळ्यात गाजलेलं काम आणि सगळ्यात पक्कं काम ही दोन वेगळी कामं आहेत. आणि गंमत म्हणजे, पक्क्या कामातच गाजलेल्या कामावरचा आक्षेप दडलेला आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १८९६ चा, पंजाबात हाफिजाबादचा. १९१९ मध्ये लाहोरला नेल्सन अ‍ॅनन्डेल यांची गाठ पडली आणि त्यांनी या तरुणाला कलकत्त्याला, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत बोलावून घेतलं. पुढे त्याच संस्थेचे ते संचालक झाले. १९५५ मध्ये वारले.

आता पक्कं काम. पावसाळ्यातला घाटातला ओढा डोळ्यांसमोर आणा. माणूस उभा राहू शकत नाही अशा पाण्यात बोटभर मासा दगडाला चिकटून राहतो. कसा? होरांनी १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात यावर मोठा निबंध लिहिला. काही माशांचं पोट सपाट होतं आणि पर आडवे पसरून सगळं शरीरच पकड घेतं. काही शिंगाळ्यांच्या जातभाईंना छातीवर कातडीच्या घड्या असतात. काही बेडकांच्या पिल्लांचं तोंडच चोषक बनतं, तर काही माश्यांच्या अळ्यांना पोटाखाली चोषकांची रांग असते. एकमेकांशी नातं नसलेले हे प्राणी. पण प्रवाहानं सगळ्यांना एकाच कामाला लावलं. होरा हे टेबलावरच्या बाटलीतला मासा पाहून लिहीत नव्हते. ओढ्यात उतरून, दगड उलटून लिहीत होते. ते आजही वाचताना कळतं.

मग येतो सातपुडा. प्रश्न खरा होता. सह्याद्रीच्या, विशेषतः दक्षिणेकडच्या ओढ्यांतले काही मासे आसाम, म्यानमार, मलायाकडच्या माशांसारखे दिसतात. मधल्या कोरड्या पट्ट्यात मात्र ते नाहीत. मग ते आले कुठून? होरांनी १९४४ मध्ये गारो-राजमहाल खिंडीवर लिहिलं आणि १९४९ च्या परिसंवादात पूर्ण मांडणी केली. एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग पूर्वेकडच्या डोंगरांशी जोडलेली होती, हिमयुगांच्या काळात तिथं गार, वाहते ओढे होते, आणि त्या वाटेनं मासे सह्याद्रीत उतरले. म्हणजे आपला मेळघाट हा माशांचा महामार्ग! कल्पना इतकी देखणी की पक्षी, वनस्पती, सगळ्यांना ती लावून झाली.

आता बघा, अडचण कुठे येते. हे मासे ‘सारखे’ आहेत हे ठरवलं कशावरून? त्या काळात बाह्य रचनेवरूनच. आणि प्रवाह वेगवेगळ्या प्राण्यांना सारखी रचना देतो, हे तर होरांनीच १९३० मध्ये दाखवलेलं! मग ओढ्यातल्या माशांचं साम्य म्हणजे नातंच, असं एकदम कसं धरायचं? हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या सिद्धान्ताला पुरेशा कठोरपणे विचारला नाही, असं माझं मत आहे. प्रवीण कारंथ यांनी २००३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हाच मुद्दा नीट मांडला: आधी वंशवृक्ष काढा, मग स्थलांतराचं बोला. २०१५ मध्ये तर ‘होमालॉप्टेरा’ या प्रजातीत घातलेले सह्याद्रीतले मासे वेगळे काढून त्यांना ‘घाट्सा’ ही नवी प्रजाती द्यावी लागली. नाव आपल्या घाटांवरूनच. एकाच नावाखाली मलाया आणि सह्याद्री जोडले गेले होते, तो धागा तिथं सुटला.

होरांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. भूपट्टांचा सिद्धान्त साठच्या दशकातला. डीएनएची साधनं त्याहून पुढची. शिवाय चुकीचं ठरवता येईल इतकं स्पष्ट विधान करणं, हे थोडं नाही. आपल्याकडे त्यावर दोन पिढ्या निबंध निघाले. त्यांतले बरेचसे मात्र उदाहरणं गोळा करणारे, तपासणारे कमी. तो दोष होरांच्या माथी मारू नये.

त्यांचा आवाका नुसत्या वर्गीकरणाचा नव्हता. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तल्या माशांवर त्यांनी लिहिलं. देवळालीच्या माशांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. पिल्लै यांच्यासोबतचं मत्स्यशेतीचं हस्तपुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये निघालं.

आणि मुंबई इलाख्यातल्या खाड्यांमधला एक इवलासा, जवळजवळ पारदर्शक मासा. १९४० मध्ये चं. वि. कुलकर्णींनी त्याला ‘होराइक्थिस’ म्हटलं, होरांच्या नावानं. आज तो ‘ओरिझियास’मध्ये गेलाय; नाव गेलं, मासा आहे. यावर कुणाला काही विचारायचं असेल तर घेऊ या.