चिंचणीचा सातबारा

डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या व्यापारी घराण्याची मुळं शोधायची म्हटली की वाट तहसील कचेरीकडेच वळते. वाडी कुणाच्या नावावर होती, ती कधी झाली, आधीच्या कब्जेदाराचं नाव कशाने कमी झालं, हे सातबारा, जुने फेरफार आणि कडईपत्रक सांगतात. त्यांच्या मागे 1903च्या कायद्याने सुरू झालेली हक्कनोंद, आणि तिच्याही मागे इंग्रजी अमलातली मोजणी. बहुतेकांचा शोध इथे संपतो. पण याच डहाणू तालुक्यात, चिंचणी गावात, 1955 साली जमिनीतून तांब्याचे कोरीव पत्रे निघाले आणि इथल्या जमिनीचं दप्तर एका फटक्यात हजार वर्षं मागे गेलं.

त्या पत्र्यांवर पाच लेख आहेत. सापडले चिंचणीत, पण सगळे जवळच्या संजाणमधल्या एका देवीच्या मठाशी निगडित. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या 32व्या खंडात प्रसिद्ध केले, पुढे रणबीर चक्रवर्ती यांनी राजे, व्यापारी आणि मठ यांच्या नात्याच्या अंगाने त्यांचा अभ्यास केला. इतिहासकार अशा लेखांतून सनावळी आणि नावं उचलतात, ते त्यांचं कामच आहे. पण हे लेख सलग, लिखाण म्हणून वाचले तर वेगळीच गंमत हाती लागते. दप्तरी मजकुरालाही रचना असते, सूर असतो, आणि कुठे हात आखडता घ्यायचा याचं भान असतं.

पहिला लेख शके 848चा, म्हणजे इ.स. 926चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याची कारकीर्द. संजाणचा प्रदेश तेव्हा ‘संयान मंडल’ म्हणून ओळखला जाई, आणि त्याचा कारभार पाहत होता ताजिक वंशातला एक अधिकारी. ताजिक म्हणजे अरब. लेखाच्या संस्कृतात त्याचं नाव येतं मधुमती, दुसरं नाव सुगतिप. मधुमती म्हणजे मुहम्मद. बापाचं नाव सहियारहार, म्हणजे शहरियार. मुलाचं नाव अरबी आणि बापाचं इराणी वळणाचं. समुद्रावरून आलेल्या या कुळाची एवढीच वंशावळ पत्र्यावर आहे, दोन पिढ्यांची. पण तेवढ्यावरून कळतं की आखाताच्या दोन्ही काठांचं काहीतरी या घरात एकत्र आलं होतं. संजाणचा कारभार त्याला इंद्राच्या आधीच्या राजाने, दुसऱ्या कृष्णाने, दिलेला होता. अरब प्रवासी संजाणला सिंदान म्हणत, आणि त्यांच्यातलाच मसूदी 915-16च्या सुमारास याच किनाऱ्यावरच्या चौलला आला तेव्हा त्याला तिथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती दिसली होती. अशा किनाऱ्यावर मुहम्मद नावाचा अधिकारी असणं त्या काळाला धरूनच होतं.

लेखाची बांधणी पाहण्यासारखी आहे. राष्ट्रकूटांचे ताम्रपट आधी राजवंशाची स्तुती गातात आणि मग मुद्द्यावर येतात. इथेही सूर उंच लागतो: मुहम्मदाने आपल्या धन्यासाठी आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकले आणि तिथे आपली माणसं नेमली. दरबारी भाषा आहे, तिला फुगवटा असणारच. पण पुढच्या काही ओळींत तोच लेख खाली उतरतो आणि आपल्याला थेट खाडीच्या काठावर आणून सोडतो. या माणसाने दोन प्रवाहांवर फुकट होडी ठेवली. संजाणात अन्नछत्र घातलं, आणि तिथे काय वाढायचं तेही लेखात आलं: साळीचा भात, कालवण आणि तूप. बंदरं जिंकल्याची ओळ कुठल्याही सरदाराच्या नावे लिहिता आली असती. तरीची होडी आणि तुपाची धार मात्र त्या एकाच गावाची आहे. खाड्यांनी चिरलेल्या या किनाऱ्यावर ज्याने कधी भरतीची वाट पाहिली असेल, त्याला या दानाचं मोल कुणी समजावून सांगायला नको.

मग येतो खरा व्यवहार. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने पुव्वैयाच्या मदतीने संजाणात देवीचा मठ बांधला होता. इंद्र राजाच्या परवानगीने मुहम्मदाने कोलिमहार विषयातलं, म्हणजे परगण्यातलं, काणाडुक हे गाव आणि देवीहार गावातली काही जमीन त्या मठाला दिली: इमारतीची डागडुजी, देवीचा नैवेद्य, आणि पंचगौडीय महापरिषदेतल्या नऊ जणांचं जेवण यांसाठी. मुसलमान अधिकारी, ब्राह्मणाचा मठ, देवीचा नैवेद्य. आजचा वाचक इथे थबकतो. लेख मात्र थबकत नाही, आणि मला त्याची हीच शैली सर्वांत जास्त आवडते. कुठेही या गोष्टीचं कौतुक नाही, स्पष्टीकरण नाही, ‘जरी’ किंवा ‘तरी’ नाही. अंमलदार दान देतो, राजा मान्यता देतो, कारकून लिहितो. कारकुनाला जे रोजचं वाटलं ते त्याने रोजच्या भाषेत लिहिलं, म्हणूनच ते आज एवढं बोलकं झालं.

दुसरा लेख तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीतला, आणि घराण्यांचा माग काढणाऱ्यासाठी पाचांत सर्वांत मोलाचा. संजाणात मधुसूदनाचं एक देऊळ होतं. ते भिल्लमालच्या व्यापाऱ्यांनी स्थापन केलेलं, म्हणून तिथला देव ‘भिल्लमालदेव’ या नावाने ओळखला जाई. भिल्लमाल म्हणजे राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यातलं आजचं भिनमाळ, गणिती ब्रह्मगुप्ताचं गाव. श्रीमाळी वाणी आणि श्रीमाळी ब्राह्मण आजही आपलं मूळ तिथे सांगतात. या देवाची थोडी जमीन देवीच्या मठाच्या ताब्यातल्या जागेत अडकली होती. तंटा झाला, बसून मिटवला गेला, आणि ठरलं की मठाने त्या जमिनीपोटी देवाच्या व्यवस्थापकांना 40 द्रम्म द्यावेत.

भिनमाळहून संजाणपर्यंत आलेल्या या लोकांनी काय विकलं, किती कमावलं, कुणाच्या मुली कुणाच्या घरी दिल्या, यातलं काहीही दप्तरात आलं नाही. ते आले एका बांधाच्या भांडणामुळे. मठाने ती जागा दाबली नसती तर संजाणच्या भिनमाळी व्यापाऱ्यांची एवढी पक्की खूण या पत्र्यांवर उमटलीच नसती. व्यापाराचा माल वाहून जातो, चोपड्या वाळवी खाते. जमिनीवरून वाद झाला की मात्र त्याचा कागद होतो, आणि तो दोन्ही बाजू जिवापाड जपतात. शिवाय अशा कागदात फुशारकी चालत नाही. प्रशस्तीत राजाला समुद्रापर्यंतचा स्वामी म्हटलं तर समुद्र तक्रार करत नाही. शेजाऱ्याची जमीन चार हात जास्त लिहिली तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. म्हणून दानलेखात वरच्या स्तुतीपेक्षा खालच्या चतुःसीमा, देणी आणि साक्षीदार यांवर जास्त विसंबावं. घराण्याबद्दलचं सत्य तिथे सापडतं, कारण तिथे दुसऱ्या कुणाची तरी नजर असते.

शके 956च्या, म्हणजे इ.स. 1034च्या लेखातही हेच दिसतं. तोवर राष्ट्रकूट गेलेले, उत्तर कोकणात शिलाहार आलेले. छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने त्याच मठाला तेलाचा घाणा दिला: देवीपुढच्या दिव्यासाठी आणि मठातल्या अध्ययन करणाऱ्यांच्या व पाहुण्या ब्राह्मणांच्या पायांना लावण्यासाठी. चालून आलेल्या पाहुण्याच्या पायांना तेल चोळायची सोय राजशासनाने करून ठेवलेली! याच लेखात ‘हंजमान’ या मंडळीचा उल्लेख आहे, आणि अल्लिय, महर, मधुमत अशी नावं आहेत. हंजमानाचा संबंध अभ्यासक ‘अंजुमन’शी जोडतात, कुणी त्यात पारशी पाहतात, कुणी मुसलमान व्यापारीही. मधुमत हे नाव पाहिल्यावर 926 सालचा मधुमती आठवतो, पण सव्वाशे वर्षांच्या दप्तरात एकच नाव दोनदा आलं म्हणून लगेच आजोबा-नातू जोडू नयेत. वंशावळ लिहिणाऱ्यांची सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते, मग दप्तर ताम्रपटाचं असो की तलाठ्याचं. नावाशेजारी बापाचं नाव, जमीन किंवा देणं यांतलं काही जुळलं तरच नातं धरावं. शेवटच्या लेखात, शके 975 म्हणजे इ.स. 1053 मध्ये, मोढ कुळातला विज्जल येतो. मोढेऱ्याचं नाव लावणारं हे कुळ एव्हाना इथे सत्ता चालवत होतं. मठ तोच, देवी तीच. बाहेरून आलेली माणसं मात्र दर खेपेला नवी, आणि दर खेपेला मठाच्या दप्तरातूनच ती या मातीत रुजलेली दिसतात.

एवढ्या सुंदर लेखांत एक माणूस कुठेच नाही. काणाडुक गाव दिलं. त्यात राबणारं कोण होतं? गावाबरोबर त्यांचं उत्पन्न गेलं, नावं पत्र्यावर आली नाहीत. हा ताम्रपटाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण इंग्रजी अमलातल्या दप्तरानेही तेच केलं, फक्त रकाने आखून. 1879च्या जमीन महसूल कायद्याने खातेदाराची जमीन विकता आणि गहाण टाकता येण्याजोगी धरली. या भागातल्या वारली आदिवासींची जमीन कर्ज, दारू आणि अडाणीपणाच्या अंगठ्याखालून सावकार, शेठ आणि गवत-लाकडाचे व्यापारी यांच्या खात्यात गेली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन यांच्या 1939च्या अहवालाने ही अवस्था सरकारी कागदावर आणली. 23 मे 1945 रोजी झरी गावात वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत आहे. 1960 साली राज्यांची हद्द पडली तेव्हा जुन्या संयान मंडलाच्या अंगावरूनच ती गेली. संजाण गुजरातेत गेलं, तलासरी-डहाणू महाराष्ट्रात राहिले.

1948चा कूळकायदा, 1 एप्रिल 1957चा कृषक दिन आणि आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा 1974चा कायदा, या तिन्हींचा खरा अर्थ दप्तराच्या भाषेत सांगायचा तर एवढाच: ‘इतर हक्का’च्या रकान्यात दडलेल्या माणसाला कब्जेदाराच्या रकान्यात आणणं. म्हणून आज इथल्या एखाद्या व्यापारी घराण्याचा वारस पणजोबांच्या वाडीचा फेरफार काढतो, तेव्हा त्याने पणजोबांच्या नावाशीच थांबू नये. त्यांच्याआधी कब्जेदार कोण होता, त्याचं नाव विक्रीने कमी झालं की गहाणाने, कूळ म्हणून कोण लागलं, लगतचा गट कुणाचा, हे सगळं त्याच दप्तरात असतं. त्यातून निघणारी कथा कधी तरीच्या होडीसारखी अभिमानाची असेल, कधी लग्नगड्यासारखी लाजेची. पणजोबांचा इतिहास दोन्हींतून मिळून होतो.

चिंचणीच्या पत्र्यांचं मोठेपण मला इथे दिसतं. शहरियारचा मुलगा त्यांत आला तो त्याने इतरांना काय दिलं म्हणून. भिनमाळचे व्यापारी आले ते शेजारच्या मठाशी काय ठरलं म्हणून. कुणीही एकटा आलेला नाही. जमिनीच्या दप्तरात कुळाचा शोध घ्यायचा तर वरच्या वंशावळीऐवजी खालून, शेजाऱ्यांच्या आणि देण्या-घेण्याच्या ओळींपासून वाचायला सुरुवात करावी. वंशावळ कुणी तरी आपल्याला हवी तशी लिहून घेतलेली असते. बांधावर निदान दोघांची सही लागते.