निर्गमकथेचा उत्तरार्ध

इस्राएल लोक मिसर देशातील दास्यातून सुटले ही कथा, ज्यांनी बायबल कधी हाती घेतलेले नाही, अशांनाही ठाऊक असते. मात्र बहुतेकांच्या स्मरणात ती समुद्राच्या काठी संपते. पाणी दुभंगते, दास पार होतात, फारोचे रथ बुडतात आणि श्रोता समाधान पावून उठतो. बालवाचकांसाठी केलेले संक्षेपही बहुधा येथेच थांबतात. वस्तुतः ‘निर्गम’ या ग्रंथाचे अध्याय ४०. त्यांपैकी समुद्राचा प्रसंग चौदाव्यात आटोपतो आणि पंधराव्यात विजयगीत येते. निम्म्याहून अधिक ग्रंथ शिल्लक असता कथा संपली असे मानणे रसिकतेला शोभणारे नाही. उत्तरार्धावाचून पूर्वार्धाचा अर्थ लागत नाही असे आमचे मत आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

कथेच्या ऐतिहासिकतेचा वाद आम्ही बाजूस ठेवतो. मिसरच्या उपलब्ध लेखांत या निर्गमनाची नोंद आढळत नाही. इस्राएल हे नाव तेथे प्रथम दिसते ते इ. स. पूर्व १२०८ च्या सुमारास, मर्नेप्ता राजाच्या विजयलेखात, आणि तेही कनान प्रदेशातील पराजितांच्या यादीत. यावरून काय ठरवावयाचे ते इतिहाससंशोधकांनी ठरवावे. आमचा संबंध कथेने सांगितलेल्या सत्याशी आहे.

दास्य म्हणजे काय हे कथाकाराला किती नेमके कळले होते, याची साक्ष पाचव्या अध्यायात मिळते. मोशे व अहरोन लोकांची मागणी घेऊन दरबारात जातात. फारो त्यांना कैद करीत नाही. तो एवढाच हुकूम काढतो की, विटांसाठी लागणारे गवत यापुढे दासांनी स्वतः गोळा करावे. विटांची संख्या मात्र कमी होता कामा नये. संख्या भरत नाही, तेव्हा मार खातात ते इस्राएलांतूनच नेमलेले नायक. आणि दरबारातून बाहेर पडताच हे नायक शिव्याशाप देतात ते मोशेला. जुलमाची सारी यंत्रणा या एका प्रसंगात उघडी पडली आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एवढ्या प्रतापी फारोचे नाव कथाकार एकदाही सांगत नाही. पण राजाज्ञा मोडून इब्री अर्भकांना जगविणाऱ्या दोन सुइणींची नावे, शिप्रा आणि पुवा, तो आवर्जून नोंदवितो. कोणाची स्मृती राखावयाची याचा त्याचा निवाडा पहिल्याच अध्यायात झालेला आहे.

समुद्र ओलांडल्यावर मात्र कथेचा सूर पालटतो. विजयगीताचे स्वर विरून तीनच दिवस होतात आणि मारा येथील कडू पाण्यावरून कुरकुर सुरू होते. पुढे मांसाच्या हंड्या आठवतात. ‘गणना’ या ग्रंथात तर मिसरमधील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण यांची यादीच येते. या लोकांना कृतघ्न म्हणून निकालात काढणारे टीकाकार आहेत. आम्हांस ते मान्य नाही. पाठीवरचे वळ बुजले तरी जिभेवरची चव राहते, आणि भुकेल्या माणसाला धन्याचे घर त्या चवीतून आठवते, हे ज्याने ओळखले तो कथाकार माणसाच्या मनाचा मोठाच जाणकार म्हटला पाहिजे. अशा मनाला रानात जे अन्न मिळते त्याची योजनाही अर्थपूर्ण आहे. पीथोम आणि रामसेस ही फारोची कोठारनगरे ज्यांनी बांधली, त्यांना मिळणारा मान्ना साठविता येत नाही. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडतात. केवळ सहाव्या दिवशीचा दुप्पट वाटा टिकतो, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. साठवण आणि अखंड राबणूक या मिसरच्या दोन्ही सवयी अन्नाच्या निमित्ताने मोडल्या जातात.

यानंतर सीनायचे नियमशास्त्र येते, आणि आमच्या मते या क्रमातच कथेचे मर्म आहे. आधी पात्रता सिद्ध करा, मग स्वातंत्र्य मिळेल, हा युक्तिवाद आजवर सर्व काळच्या धन्यांनी केला आहे. ही कथा नेमका उलटा क्रम लावते. भित्रे, भांडखोर, सोन्याच्या वासरापुढे नाचणारे हे लोक आधी मोकळे केले जातात. शिस्त त्यांना मागाहून शिकावयाची असते. दहा आज्ञांची सुरुवातदेखील सुटकेच्या स्मरणाने होते. लगेच पुढच्या अध्यायातील व्यवस्थेत पहिला विषय येतो तो दासाचा: इब्री दासाला सातव्या वर्षी मोकळे करावे, तो स्वतःच जाण्यास नकार देईल, तर दाराशी नेऊन त्याचा कान अरीने टोचावा. स्वातंत्र्य नाकारल्याची खूण अंगावर वागविली पाहिजे, असाच याचा भाव आम्ही घेतो.

या क्रमाचे सामर्थ्य कोणी ओळखले असेल, तर ते विरोधी पक्षाने. लंडनमध्ये १८०७ साली वेस्ट इंडीजमधील दासांसाठी निवडक बायबल छापले गेले. त्यात निर्गमाचे पहिले १८ अध्याय, म्हणजे सुटकेची सारी कथा, वगळली आणि दहा आज्ञा तेवढ्या ठेवल्या. आज्ञा दासांना, सुटका कोणालाच नाही! दुभंगलेला समुद्र ही केवळ चमत्काराची गोष्ट असती, तर संपादकाला कात्री उचलण्याचे कारण पडले नसते.

कथेचे दोष झाकण्याची आमची इच्छा नाही. अखेरच्या अरिष्टात फारोच्या पुत्राबरोबर जात्यामागे बसलेल्या दासीचाही ज्येष्ठ पुत्र मरतो. दास्यविमोचनाच्या कथेत दासीनेच ही किंमत का द्यावी? देव फारोचे मन कठीण करतो आणि त्याच मनासाठी त्याला दंड होतो, हेही विचारी वाचकास खटकते. ‘लेवीय’ ग्रंथात तर परकीयांना दास म्हणून बाळगण्याची मुभा आहे. परक्याला छळू नका, परकेपण काय असते ते तुम्ही मिसरात भोगले आहे, असे बजावणाऱ्या परंपरेला स्वतःचा धडा पुरता गिरविता आला नाही. तरीही त्या दासीला कथेतून पुसून टाकण्याची सोय कथाकाराने स्वीकारली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. वल्हांडणाच्या रात्री दहा अरिष्टे उच्चारताना प्याल्यातून द्राक्षारसाचे थेंब काढून टाकण्याची रीत आहे. शत्रूच्या दुःखाने आपला आनंद उणा व्हावा, असा तिचा अर्थ पुष्कळजण लावतात.

त्या रात्रीचा पाठ, हग्गादा, मराठीतही आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी तो मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापला गेला. या पाठात मोशे जवळजवळ नाहीच. आरंभ होतो तो लहान मुलाच्या प्रश्नाने, आणि मिसरातून आपण स्वतःच बाहेर पडलो असे प्रत्येक पिढीने मानावे, असा दंडक आहे. मूळ कथेतही मोशे नबो पर्वतावरून वचनदत्त भूमी नुसती पाहतो आणि अलीकडेच देह ठेवतो. मिसरातून निघालेल्या प्रौढांपैकी यहोशवा व कालेब हे दोघेच पलीकडे पोहोचतात. ४० वर्षे चालून कथा काठाशीच थांबते.

म्हणून अध्यापकांस आमची विनंती आहे की, ही कथा सांगताना त्यांनी समुद्रापाशी पुस्तक मिटू नये. फारोपासून सुटण्यास एक रात्र पुरली; कांदे-लसणाच्या आठवणीपासून सुटण्यास एक पिढी लागली. विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट आवडेल, पण दुसरी त्यांच्या पुढे उपयोगी पडेल.