माईकवाला नाव विचारतोय

गेल्या १४ एप्रिलला रात्री आम्ही वस्तीत नाटक केलं. आम्ही अकरा जण, सात पोरं आणि चार पोरी. नाटक पंचवीस मिनिटांचं, गटारात उतरवल्या जाणाऱ्या माणसावर. पडदा नाही, उजेड मंडपातल्या दोन ट्यूबांचा. वर चढायच्या आधी माईकवाला वाकून म्हणाला, "काय म्हणून पुकारू? पार्टीचं नाव काय?" अकरा जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. शेवटी त्यानंच पुकारलं, "आता आपल्या वस्तीतली पोरं काहीतरी करून दाखवतील."

ते 'काहीतरी' मला लागलं. सुट्टीचे वार धरून धरून चार महिने तालमी केल्या होत्या.

त्यानंतर नावासाठी समाजमंदिरात तीन बैठका झाल्या. वहीत तेवीस नावं जमली, ठरलं एकही नाही. मग मी म्हटलं, वही माझ्याकडं द्या. नाटकाची समीक्षा करतात तशी मी या यादीची करतो. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, शाळा दहावीपर्यंत. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. पण धागा कुठं कच्चा आहे ते बोटाला कळतं, तेवढ्या भांडवलावर लिहितो. मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी आपापल्या वस्तीत अशी मंडळी उभी केलीत. तुमच्या वहीतही हीच तेवीस नावं असणार याची मला खात्री आहे.

आधी साजूक तुपातली नावं घेतो. नटराज, रंगदेवता, कलासाधना, स्वरांजली. यातलं 'कलासाधना' मीच दिलं होतं, लपवत नाही. हे नाव माझ्या डोक्यात आलं कुठून? शाळेच्या स्नेहसंमेलनातून आणि नाट्यस्पर्धांच्या बोर्डांवरून. आमच्या घरात 'साधना' हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "कुणाची पोरगी?"

पण प्रश्न निव्वळ परक्या शब्दाचा नाही. सांगली आमच्यापासून लांब नाही. तिथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी नटराजाला हार, नारळ, उदबत्ती. बरं, त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. जोशीबुवा अडाणी कुणबी नवरा-बायकोला कसा लुबाडतो आणि शेवटी ती दोघं शाळेची वाट कशी धरतात, अशी गोष्ट. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. आपण बोर्डावर नटराज काढतो तेव्हा १८४३ ला आपला जन्म धरतो आणि १८५५ ला दुसऱ्यांदा नाकारतो. पहिल्यांदा कमिटीनं नाकारलं, आता आपण नाकारतोय. 'कलासाधना' मी स्वतःच्या हातानं खोडलं.

गंमत अशी की आपले नाटककार इथं चुकले नाहीत. प्रेमानंद गज्वींच्या एकांकिकेचं नाव 'घोटभर पाणी'. दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा'. प्रकाश त्रिभुवनांचं 'थांबा! रामराज्य येतंय!'. नाटकाला नाव तोंडातल्या भाषेतलं आणि ते करणाऱ्या मंडळीला नाव पोथीतलं, हे कसं काय जमतं आपल्याला?

दुसरा गठ्ठा आगीचा. ज्वालामुखी, वणवा, अंगार, एल्गार. ही नावं पोरांना फार आवडली. मला विचाराल तर हाच गठ्ठा सगळ्यात पोकळ आहे. १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, पवार, ढाले आणि त्यांचे सोबती उभे राहिले. 'पँथर' हे नाव त्यांनी समुद्रापलीकडच्या काळ्या भावांकडून घेतलं. मागून आणलेलंच नाव होतं, तरी ते नुसतं ऐकून गावचा पाटील दचकायचा. का? जिथं अत्याचार झाला तिथं ही पोरं जाऊन धडकायची. नावाला दात कामानं फुटले. आम्ही अजून कुठं गेलोय? पंचवीस मिनिटांचं एक नाटक, तेही आपल्याच मंडपात. 'ज्वालामुखी' म्हणून पुकारलं आणि हलगी ऐनवेळी थंड पडून बद्द बद्द वाजली, तर पहिली हसणार आमचीच माणसं. आणि त्यांचं हसणं बरोबर असेल.

तिसरा गठ्ठा महापुरुषांचा. इथं लिहिताना हात जड होतो, पण लिहितो.

आमच्यात सहा जण बौद्ध वस्तीतले, पाच जण मातंग वस्तीतले. एका बाजूनं बाबासाहेबांचं नाव आलं, दुसऱ्या बाजूनं अण्णाभाऊंचं. दुसरी बैठक दोन तास यावरच अडली आणि दोघं उठून गेले. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं होतं. त्या दिवशी ज्या मांडवात दोन्ही नावं मावली, तो मांडव आपल्याला आज पुरत नाही का? आमच्या नाटकात गटारात उतरणारा माणूस अमक्याच जातीचा आहे असं आम्ही कुठं म्हटलंय?

माझी हरकत मात्र वेगळी आहे. नाटक वाईट झालं तर? बापाचं नाव पुढं केलं की वस्तीतलं कुणीही म्हणणार नाही की नाटक वाईट होतं. टाळ्या त्या नावाला पडतील आणि आपण त्या खिशात घालू. नाव हे आपल्या आळसावर पांघरूण होईल. समीक्षेची सगळ्यात जास्त गरज आपल्याला आहे आणि आपणच तिची वाट बंद करून ठेवणार.

बाबासाहेब स्वतः नावं कशी ठेवायचे ते बघा. १९२० 'मूकनायक'. १९२७ 'बहिष्कृत भारत'. १९२८ 'समता'. १९३० 'जनता'. १९५६ 'प्रबुद्ध भारत'. ही पाच नावं एका ओळीत मोठ्यानं वाचा. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापासून सुरुवात, मग गावाबाहेर टाकलेला, मग त्याची मागणी, मग त्याची गर्दी, शेवटी जागा झालेला माणूस. समाज कुठवर आला ते बघून नाव बदललेलं आहे. कॉलेज काढलं तर त्याला मिलिंद हे नाव, म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा. औरंगाबादच्या त्याच कॉलेजच्या म. भि. चिटणिसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. विद्यार्थ्याला भक्त करणारं नाव बाबासाहेबांनी निवडलं नाही, प्रश्न विचारायला लावणारं निवडलं.

म्हणून कुणी असंही समजू नये की नावात काय ठेवलंय. 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा १९३८ मध्ये दादासाहेब गायकवाड आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार मुंबईच्या विधिमंडळातून उठून बाहेर पडले. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली, पोचिराम कांबळेंना जीव गमवावा लागला. १९९४ मध्ये नाव मिळालं ते सोळा वर्षांनी, तेही नामांतर नाही, नामविस्तार. आपल्या आज्या-पणज्यांना धोंडी, केराबाई अशी नावं असायची. १९५६ नंतर त्याच घरात प्रज्ञा आणि संघमित्रा जन्माला आल्या. नावाची किंमत आपल्याइतकी कुणी मोजलेली नाही. म्हणून तर ते घाईनं ठेवायचं नाही.

आता नावाचा दुसरा अर्धा भाग. यावर आमच्या तिन्ही बैठकांत कुणी एक शब्द बोललं नाही. पुढं काहीही लावा, मागं 'नाट्यमंच', 'थिएटर', 'कलापथक' यातलं एक आपोआप चिकटतं. माझ्या मते खरी निवड इथंच आहे. पहिला अर्धा सांगतो आपण कोण. दुसरा अर्धा सांगतो आपण कुणासमोर उभे राहणार.

तमाशाच्या फडाला माणसाचं आणि गावाचं नाव असायचं, कधी जातीचंही. भाऊ-बापू मांग नारायणगावकर, हे एका फडाचं नाव. कला त्यांची, आणि जातही बोर्डावर. सत्यशोधकांनी तोच तमाशाचा सांगाडा घेतला, आतला ऐवज बदलला आणि त्याला जलसा म्हटलं. पुढं आंबेडकरी जलसे निघाले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण मजुरी करून, रात्री कंदिलाच्या उजेडात, सावकार, भटजी, मंदिरप्रवेश, पोरांची शाळा, असले विषय घेऊन गावोगाव गेले. कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं, नाहीतर हे सगळं वाऱ्यावर गेलं असतं.

मग १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक आलं. 'पथक' म्हणजे लढाईला निघालेली तुकडी. शब्द गिरणगावातल्या माणसाला कळणारा होता. पुढं सरकारनं बंदी घातली. अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्य म्हटलं, गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं, गवळण काढून टाकली. 'अकलेची गोष्ट', 'माझी मुंबई' अशी लोकनाट्यं कामगारांच्या मैदानात उभी राहिली.

आणि पुढं काय झालं? तोच 'लोकनाट्य' शब्द तिकिटाच्या नाट्यगृहात गेला. १९६५ नंतर 'विच्छा माझी पुरी करा' गाजलं, ते लोकनाट्य म्हणूनच. ते नाटक वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण वाटेगावच्या माणसानं ज्या शब्दाला धार लावली, त्या शब्दातला कामगार मधल्या मधे गळाला. हे ध्यानात ठेवा. नाव चोरीला जातं. रोज वापरलं नाही तर लवकर जातं.

'थिएटर' आणि 'रंगभूमी' या शब्दांनी आपलं नुकसानच केलं असं नाही. दलित रंगभूमी म्हणून आपले लोक उभे राहिले, तेव्हा प्रस्थापितांच्या स्टेजवर हक्क सांगणं गरजेचं होतं. ते त्यांनी केलं म्हणून आज आपण बोलतोय. पण आमच्या अकरा जणांकडं स्टेज नाही, भाड्याला पैसे नाहीत. आमचा प्रेक्षक म्हणजे भांडी घासून दारात टेकलेल्या बाया, लूमवरून आलेले गडी, पुढं मातीत बसलेली बारकी पोरं. मी आजीला सांगितलं, आम्ही थिएटर काढलंय. ती म्हणाली, "पिच्चरचं का?" दुसऱ्या दिवशी म्हटलं, जलसा काढलाय. म्हातारी नीट मांडी घालून बसली आणि म्हणाली, "कुठं हाय? किती वाजता?"

माझं मत त्या प्रश्नानं ठरलं. जे नाव ऐकून माणूस वेळ विचारतो, ते नाव बरोबर.

तिसऱ्या बैठकीच्या शेवटी मी हे मांडलं. वाटलं, आता टाळ्या. आमच्यात एक पोरगी आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ती म्हणाली, "दादा, त्या जलशात बायका होत्या का?" मी गप्प. नव्हत्या. बायांची कामं पुरुष करायचे. तमाशात आपल्या आयाबहिणींना नाचवलं जायचं, तो डाग पुसायचा म्हणून जलशानं बाईला फडावरच येऊ दिलं नाही. कारण समजतं. पण कारण समजलं म्हणून जागा भरून निघत नाही. ती पुढं म्हणाली, "जलसा म्हणा, माझी हरकत नाही. पण शाहीर मी. झील तुम्ही धरायची."

आता खरं सांगतो. आमच्या नाटकात शाहीर मी आहे. गाणी माझी आहेत. ती बोलली ते पोटात टोचलं. रात्रपाळीला साच्यापुढं उभा राहून चार रात्री विचार केला. मूकनायक हे नाव ज्या माणसानं ठेवलं त्याचं नाव घेणारा मी, आणि माझ्या अकरा जणांत मुकं कोण आहे ते मला दिसलं नव्हतं. ती चार महिने माझ्या मागं उभी राहून झील धरत होती.

म्हणून यादीवरचा माझा निकाल असा. पोथीतली नावं नकोत. आगीची नावं आग लावल्यावर बघू. महापुरुषांची नावं गाण्यात, विचारात, भांडणात असू देत, बोर्डावर ढाल म्हणून नकोत. पुढं आपल्या वस्तीचं नाव, मागं जलसा. आणि शाहीर ती. तिची अट मान्य केल्याशिवाय तो शब्द घ्यायचा आपल्याला अधिकार नाही, कारण मग आपण जुना जलसा जुन्या खोटीसकट उचलतोय.

दोन पोरांना हे पटलेलं नाही. त्यांना अजून 'अंगार' पाहिजे. एक म्हणतो, वस्तीचं नाव टाकलं तर बाहेरची माणसं नाव वाचूनच जात ओळखतील. त्याचं म्हणणं खोटं नाही, त्याला माझ्याकडं पुरतं उत्तरही नाही. एवढंच म्हणतो की नाव लपवून जात लपली असती तर आपल्या बापजाद्यांनी कधीच लपवली असती.

रविवारी चौथी बैठक आहे. पुढचा प्रयोग मातंग वस्तीत, माईकवाला तोच. त्याला आधीच चिठ्ठी लिहून द्यायची आहे. तोवर तुमच्या मंडळीचं नाव काय, कुणी ठेवलं, त्यावरून कोण भांडलं आणि कोण उठून गेलं, ते लिहून पाठवा. माझं चुकत असेल तर तेही सांगा. हलगी मी तिच्याकडं दिली आहे. तापवायला अजून मीच शिकवतोय.