गुंतवणूक-करार आणि औद्योगिक विकास : ठाणे परिसराच्या अनुभवावरून एक समीक्षा

परकीय भांडवल हवे असेल तर विकसनशील देशाने त्याच्या संरक्षणाचे द्विपक्षीय करार केले पाहिजेत, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराचा इतिहास त्यास दुजोरा देत नाही. भारताचा असा पहिला करार १९९४ मध्ये ब्रिटनशी झाला. परंतु कोलशेतचा बायर, कळव्याचा सीमेन्स आणि शेलच्या सहकार्याने ठाणे-बेलापूर मार्गावर उभा राहिलेला नोसिल हे कारखाने त्याच्या कितीतरी आधीचे होत. त्या काळी परकीय भांडवलास आधार होता तो पंडित नेहरूंच्या ६ एप्रिल १९४९ च्या निवेदनाचा : समान वागणूक, नफा स्वदेशी नेण्याची मुभा आणि उद्योग ताब्यात घेतल्यास न्याय्य मोबदला. खरे आकर्षण मात्र मुंबई बंदराचे सान्निध्य, रेल्वे, आयात-निर्बंधांमुळे सुरक्षित झालेली देशी बाजारपेठ आणि १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुरविलेली जमीन व पाणी यांचे होते.

एवढ्यावरून करार निरर्थक ठरत नाहीत. त्यांचे बळ वाद उद्भवल्यावर जाणवते. राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये दाभोळची वीज घेणे थांबविल्यानंतर जी. ई. व बेक्टेल यांच्या मॉरिशसमधील कंपन्यांनी भारत-मॉरिशस कराराखाली दावे लावले. २०११ च्या व्हाईट इंडस्ट्रीज निवाड्यात तर भारतीय न्यायालयांतील नऊ वर्षांहून अधिक विलंब हाच करारभंग ठरला. असाच विलंब डोंबिवलीच्या देशी कारखानदारास मुकाट्याने सोसावा लागतो. त्याला आंतरराष्ट्रीय लवादाचे दार खुले नाही.

२०१५ च्या नमुना-कराराने परकीय गुंतवणूकदारास आधी पाच वर्षे देशी न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली. संयुक्त अरब अमिरातीशी २०२४ मध्ये झालेल्या करारात ती तीन वर्षांवर आली. परंतु न्यायदान शीघ्र झाले नाही, तर मुदत कोणतीही असो, ती केवळ प्रतीक्षेची मुदत ठरेल. सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण यांसाठी नियमन करण्याचा अधिकारही त्या नमुन्याने राखून ठेवला आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत झालेले स्फोट पाहता, राखलेला अधिकार आणि बजावलेले कर्तव्य यांतील अंतर उघड होते.

तात्पर्य, कराराची भाषा सुधारणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. देशी व परकीय उद्योजकांना सारखाच शीघ्र न्याय आणि कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना सुरक्षितता देणारे शासन, हीच विकासाची पहिली हमी होय.