मेक्सिको, स्टँडाजवळ

कुस्ती रिकाम्या पोटी लढावी आणि भरल्या पोटी पाहावी, असा एक नियम आहे. तो कुठल्या शास्त्रात लिहिलेला नाही. पण आमच्या नायगावात तो कटाक्षाने पाळला जातो. निदान त्याचा उत्तरार्ध तरी नक्कीच.

मराठीत कशाकशाची समीक्षा होत नाही? नाटकाची होते, संगीताची होते, नाटकाच्या मध्यंतरात मिळणाऱ्या बटाटेवड्यावरही चार ओळी खर्ची पडतात. पण कुस्तीच्या फडाकडे निघण्यापूर्वी रसिकाने कुठे बसून काय खाल्लं, याची गंभीर चर्चा माझ्या वाचनात आलेली नाही. वास्तविक रसनिष्पत्तीची सुरुवात तिथूनच होते. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी, दुसरं कोणी पुढे येत नसल्यामुळे, मी उचलतो आहे.

या विषयाला चालना दिली ती माझ्या भाच्याने. तो ह्यूस्टनला असतो. तिथे एक फुटबॉल नावाचा खेळ आहे, ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तर हा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, मॅचच्या आधी आम्ही आमच्या ठरलेल्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये खातो. त्याशिवाय मॅच बघितल्यासारखी वाटतच नाही. तुमच्या नायगावात असलं काही नसेल ना?"

"आहे की," मी म्हणालो. "स्टँडाजवळच आहे."

त्याला वाटलं, मामा थट्टा करतोय. तुम्हालाही तसंच वाटत असेल. म्हणून पुराव्यानिशी सांगतो.

नायगाव, म्हणजे पूर्ण नावाने नायगाव बाजार, हे नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पूर्वी बिलोली तालुक्यातलं, आता स्वतःच तालुक्याचं ठिकाण. तिथल्या ज्या हॉटेलाविषयी मी बोलतोय त्याला पाटी नाही. दोन बाकडी, एक चूल, एक मोठी कढई आणि गल्ल्यावर मालक, असा एकूण पसारा. मालकांना सगळं गाव 'काका' म्हणतं. पदार्थ ठरलेले: मिरचीचे भजे, कांद्याचे भजे, सकाळी सुशीला, बरोबर तळलेली मिरची, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. (सुशीला हे बाईचं नाव नसून भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ आहे, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. एका पाहुण्याने 'सुशीला कुठाय?' हा प्रश्न ऐकून नजर खाली घातली होती.)

आता यात मेक्सिकन काय, असं तुम्ही विचाराल. मी विचारतो, यात मेक्सिकन काय नाही?

मिरचीपासून सुरुवात करू. ही बया मूळची मेक्सिकोकडची. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तिला रानातून घरात आणलं. 1492 साली कोलंबस निघाला होता आपल्याकडचे मिरे शोधायला. मिरे मिळाले नाहीत, मिरची मिळाली. त्याने तिलाही मिऱ्याचंच नाव देऊन टाकलं आणि इंग्रज अजून दोघांना एकाच नावाने हाक मारतात. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. आपणही तिला मिऱ्याचीच नातलग समजून घरात घेतलं आणि नाव दिलं मिरची. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा शब्दशः खरी मानली तरी त्या मांड्यांबरोबर मिरचीचा ठेचा असणं शक्य नव्हतं. ज्ञानेश्वरी 1290 सालची. ठेच्याला अजून दोन-अडीचशे वर्षं अवकाश होता.

टोमॅटो हे नावच मुळी मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलं. पावसाळ्यात हॉटेलाच्या दारात जी कणसं भाजली जातात, तो मका दक्षिण मेक्सिकोच्या खोऱ्यांत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने पिकवायला घेतला. शेंगदाणा आणि बटाटा दक्षिण अमेरिकेतले, म्हणजे मेक्सिकोच्या भावकीतले धरायला हरकत नाही. तंबाखूही त्याच खंडातली. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग त्याच्या भाकऱ्या करतात. आमच्याकडे तोच चुना तंबाखूला लावतात. एवढाच काय तो दोन संस्कृतींतला फरक. आणि ज्या ज्वारीच्या भाकरीला आपण अस्सल मराठवाड्याची म्हणतो, ती ज्वारी आफ्रिकेतून आलेली आहे. एकंदरीत काकांच्या हॉटेलात पूर्ण देशी असं म्हणाल तर काकांचा स्वभाव आहे.

भाच्याच्या रेस्टॉरंटात नाचो नावाचा पदार्थ मिळतो. त्याची कथा मला फार आवडली. सरहद्दीजवळच्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात, 1940च्या दशकाच्या सुरुवातीला, काही अमेरिकन बाया अवेळी खायला आल्या. आचारी जागेवर नव्हता. तेव्हा इग्नासिओ आनाया नावाच्या व्यवस्थापकाने मक्याच्या तळलेल्या तुकड्यांवर चीज घातलं, वर मिरच्या ठेवल्या आणि ताटली पुढे केली. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, म्हणून पदार्थाचं नाव नाचो. पुढे 1976 साली टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर हा पदार्थ पातळ चीज ओतून विकायला लागले आणि तेव्हापासून अमेरिकेत नाचोशिवाय सामना होत नाही. आमच्याकडेही असं घडतं. कुस्तीच्या दिवशी पीठ संपलं की काका उरलेल्या भज्यांचा चुरा मुरमुऱ्यांत टाकतात, वर कांदा भुरभुरतात आणि पलेट पुढे सरकवतात. त्याला नाव नाही, एवढंच. काकांना लाडाचं नाव नसल्यामुळे एक पदार्थ जगाला मुकला.

आता खेळाकडे वळतो. आमचा खेळ कुस्ती. आमच्या जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, लावण्या आणि कुस्त्यांची दंगल, असं सगळं तिथे एका माळावर नांदतं. त्याशिवाय सुगी सरली की गावोगाव जत्रा असतात आणि जत्रा म्हटली की फड आलाच. सुरुवात रेवड्यांवर आणि नारळावर होणाऱ्या पोराटोरांच्या कुस्त्यांनी होते आणि दिवस कलता कलता मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत बोली चढत जाते. हलगी घुमायला लागली की बाकड्यावरचा माणूस बसल्या जागी पट काढायला लागतो.

या बाबतीतही मेक्सिको आपला सोयरा निघतो. तिकडे कुस्तीला 'लुचा लिब्रे' म्हणतात. 1933 सालापासून तिथे तिचे रीतसर फड लागताहेत आणि पैलवान तोंडाला मुखवटे बांधून उतरतात. एल सांतो नावाचा त्यांचा पैलवान 1984 साली वारला, तेव्हा त्याला त्याच्या रुपेरी मुखवट्यासकट पुरलं. आपल्याकडे मुखवटा लावण्याची चाल कुस्तीत नाही, राजकारणात आहे.

आणि खरीखुरी गाठही पडलेली आहे. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, हे शाळेतली पोरंही सांगतात. पण त्या वाटेवर त्यांनी ज्यांना लोळवलं, त्यांत मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो होता, हे फारसं कोणी सांगत नाही. मेक्सिकोने आपल्याला चार शतकं मिरचीने रडवलं, त्याची परतफेड खाशाबांनी एका कुस्तीत केली. हा हिशेब मी भाच्याला ऐकवला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

आता समीक्षकाच्या कर्तव्याला जागून दोष सांगतो. बाकडं एका बाजूला कललेलं आहे. शेजारचा उठला की आपण उताराला लागतो. चहा गोड नसून साखर चहाच्या रंगाची आहे. भजे कढईतून थेट रद्दीवर येतात, त्यामुळे बातम्यांची शाई बोटांना लागते आणि माणूस न वाचता साक्षर होतो. मिरचीच्या तिखटपणात सातत्य नाही. एक भजं मेंढरागत गरीब, दुसरं थेट धोबीपछाड. त्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तो पाण्याबरोबर तोंडभर फिरतो. दूध-दह्याने उतरतो. काकांना हे ठाऊक आहे. म्हणून ते पाण्याचा जग समोर ठेवतात आणि दुधाचं पातेलं आपल्या मागे.

त्या दुधाच्या पातेल्यावरच माझा निकाल अवलंबून आहे, म्हणून ती हकीकत सांगतो.

शेजारच्या गावच्या जत्रेचा दिवस होता. हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीतून एक पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं गल्ल्यापाशी आलं. अंगाने काटक, कानाची पाळी चुरगळलेली, खांद्यावर पिशवी. पिशवीतून लाल लंगोटाचं टोक बाहेर डोकावत होतं. त्याने दहाची नोट पुढे केली.

"काका, मिरचीचे भजे द्या की."

काकांनी नोट पाहिली नाही, कान पाहिला. "कुस्ती हाय का रे लेकरा?"

"हाय. नारळाची. जमली तर पुढली बी."

"कवापासून जेवला न्हाईस?"

पोरगं काही बोललं नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिलं. त्याच्या गप्प राहण्यावरून कळत होतं की ही उपासमार कुस्तीसाठी नेमाने केलेली नव्हती. घरातून निघताना चुलीवर काही नव्हतं.

"भजे न्हाई मिळायचे," काका म्हणाले.

"पैशे हायेत की, काका."

"पैशाचं कोण बोलायलंय? तळलेलं खाऊन फडात उतरलास तर पहिल्याच झटक्याला पोट वर येईल. बस हितं."

आणि मागचं पातेलं पुढे आलं. काकांनी पेलाभर दूध गूळ घालून कोमट केलं, एक केळं सोलून त्याच्या हातात दिलं. आम्ही बाकड्यावरचे शौकीन, हातात भजं धरून, बघत राहिलो. पोराने पुन्हा नोट पुढे केली तेव्हा काका म्हणाले, "नारळ जिंकून आण, अर्धा मला दे. हरलास तर तसाच ये. भजे तवा खा, ताजे घाण्यातले."

पोरगं संध्याकाळी परत आलं का, जिंकलं का, हे मला विचारू नका. आमची बस निघाली होती. शिवाय समीक्षकाने कुस्तीच्या निकालावर हॉटेलाचा निकाल ठरवू नये. नारळाच्या कुस्तीवाल्या पोराचं नाव कुठल्या पत्रिकेवर छापलेलं नसतं. शेवटच्या कुस्तीच्या पैलवानाला फेटा बांधायला गावचे पुढारी रांग लावतात. या पोराच्या पोटात काय आहे हे विचारणारा, स्टँडापासून फडापर्यंत, तो एकच माणूस होता. आणि तो भजे विकून पोट भरणारा असूनही त्याने गिऱ्हाइकाला भजे नाकारले.

भाच्याला मी हे सांगितलं. म्हटलं, तुझ्या रेस्टॉरंटात खुर्च्या मऊ असतील, मिरच्यांना जातवार नावं असतील, पदार्थांची यादी छापलेली असेल. पण उद्या तुझ्या त्या फुटबॉलचा एखादा पोरगा खेळाच्या तासभर आधी तिथे आला आणि नाचो मागायला लागला, तर त्याला कोणी विचारेल का की तू खेळणारा आहेस की पाहणारा?

भाचा थोडा वेळ थांबून म्हणाला, "मामा, इथे खेळणाऱ्यांसाठी वेगळा आहारतज्ज्ञ असतो."

"आमच्याकडेही आहे," मी म्हणालो. "भजे तळतो."

परदेशात म्हणे हॉटेलांना तारे देण्याची पद्धत आहे. एक तारा मिळाला तरी आचारी रडतो. काकांच्या डोळ्यांत कढईच्या धुराने आधीच पाणी असतं, त्यामुळे तारे देण्यात अर्थ नाही. आणि चहाच्या साखरेमुळे व बाकड्याच्या उतारामुळे काही गुण कापणंही मला भाग आहे. तेव्हा सर्व बाजूंचा विचार करून मी या हॉटेलाला एक नारळ देतो. पूर्ण एक. अर्धा त्यांचा ठरलेलाच आहे. उरलेला अर्धा त्या पोराचा. तो जिंकलेला असो वा नसो.