तिरक्या उजेडातली नाणी

स्मारक नाण्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा तीन गोष्टींविषयी असते: नाणे कोणाच्या स्मरणार्थ निघाले, कोणत्या टांकसाळीत पडले आणि आज त्याला भाव काय. सालाखाली हिऱ्याची खूण असली की मुंबई, तारा असला की हैदराबाद, ठिपका असला की नोएडा आणि काहीच नसले तर कोलकाता, हा पाठ प्रत्येक संग्राहकाला तोंडपाठ असतो. नाणे चांगले घडले आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक नाणे हे धातूतले उठावाचे शिल्प आहे. देवळातल्या मूर्तीविषयी, चौकातल्या पुतळ्याविषयी आपण मत देतो, तसे ते नाण्याविषयीही देता आले पाहिजे. स्वतंत्र भारताच्या काही स्मारक नाण्यांकडे, त्यातही महाराष्ट्राशी नाते असलेल्या नाण्यांकडे, या दृष्टीने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यासाठी आधी छायाचित्राचा विचार करावा लागतो. मुंबईकराला फोर्टातले रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय जवळ आहे, नाशिककराला अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था. जामसंड्यासारख्या गावातल्या संग्राहकाला बहुतेक नाणी आधी छायाचित्रातच भेटतात, आणि स्वतःचा संग्रह दुसऱ्याला दाखवायचा तर तोही छायाचित्रातूनच. तेव्हा छायाचित्र खोटे बोलले तर मतही खोटे ठरते.

आणि ते सहज खोटे बोलते. नाण्याचा उठाव मिलिमीटरच्या अंशात मोजावा लागतो. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडला की सावल्या नाहीशा होतात आणि सावलीबरोबर उठावही जातो. उरते ते कपाळ, नाक, मिशा यांचे रेघांचे चित्र. याउलट सकाळचे कोवळे ऊन पडवीत आडवे येते, त्या वेळी नाणे सपाट ठेवून कॅमेरा बरोबर वर धरला तर गालाची गोलाई, भुवईखालची खोली, कानाची पाळी सगळे दिसू लागते. उजेड चित्राच्या वरच्या बाजूने येईल असे पाहावे. तो खालून आला तर डोळा फसतो आणि उंच भाग खोलगट वाटतो. प्रूफ नाण्याची गोष्ट वेगळी. त्याचे मैदान आरशासारखे आणि चित्र धुरकट असते. आरशात काय उमटू द्यायचे ते छायाचित्रकाराला ठरवावे लागते. काळा कागद उमटला तर मैदान काळे आणि चेहरा उजळ दिसतो. हे चित्र देखणे असते, पण चेहऱ्यातला कमीपणा झाकते. पारख करायची तर साधे नाणे आणि तिरका उजेड बरा.

या उजेडात पहिले नाणे ठेवू ते 1964 चे. पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालेले हे स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे, रुपया आणि 50 पैसे अशा दोन मूल्यांचे. पाच वर्षांनी गांधी जन्मशताब्दीनिमित्त 20 पैसे, 50 पैसे, रुपया आणि चांदीचे 10 रुपये अशी मालिका आली. दोन्हींवर चेहरा बाजूने दिसतो, आणि त्यांचे यश इथेच आहे. बाजूच्या चेहऱ्यात कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची कड हीच ओळख असते. ती कड कमी उंचीतही ठसठशीत येते आणि आतला गाल हलक्या चढउतारावर सोडून देता येतो. इटलीच्या पिसानेल्लोने 1438 च्या सुमारास बिझंटाइन सम्राट आठव्या जॉनचे पदक घडवले, तेव्हापासून पदककार हाच मार्ग धरत आले आहेत.

समोरून किंवा अर्धवट वळलेला चेहरा नाण्यावर आणणे फार अवघड. तिथे नाक पाहणाऱ्याच्या दिशेने येते, म्हणजे उंची हवी, आणि चलनी नाण्याला उंची परवडत नाही: नाणी एकावर एक नीट बसली पाहिजेत, एका दाबात धातू साच्याच्या खोल भागात पोचला पाहिजे आणि साचा लाखो नाणी टिकला पाहिजे. जुन्या पद्धतीत शिल्पकार मोठ्या आकाराचे प्लास्टरचे प्रारूप करी आणि यंत्राने ते लहान करून साचा बने. एवढ्या थोड्या उंचीत डोके कसे बसवायचे, हा विचार तो हाताने करी. छायाचित्र समोर ठेवून त्याची हुबेहूब नक्कल केली की हा विचार गळतो. 1990 चा डॉ. आंबेडकर जन्मशताब्दीचा रुपया पाहा. सगळ्या अडचणी चष्म्यापाशी एकत्र येतात. काच धातूत दाखवता येत नाही, म्हणून चौकटीची रेघ ओढली जाते, आणि रेघेमागच्या डोळ्यांना खोली उरत नाही. व्यक्ती ओळखू येते, पण ती चष्म्यामुळे. त्या चेहऱ्यावरचे विचाराचे ओझे धातूत उतरत नाही. पुढे रुपयासाठी तांबे-निकेलच्या जागी स्टेनलेस स्टील आले. हा धातू कठीण, त्यामुळे उठाव आणखी बसका. 1999 चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया स्टीलचाच आहे.

दुसरा निकष वर्तुळाचा. लहानशा गोल जागेत चित्र कसे मांडावे हे शिकायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला नको. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा संच 120 पानांचा, आणि प्रत्येक पान गोल. राजाच्या पानावर अवतार बसवताना तिथला चितारी कडेच्या गोलाईशी जुळवून घेतो. आकृती आणि मोकळी जागा एकमेकांना धरून राहतात. आपल्या स्मारक नाण्यांवर बहुधा उलटे घडते. एका कडेने देवनागरी, दुसऱ्या कडेने रोमन मजकूर, खाली साल, आणि उरलेल्या जागेत छातीपर्यंतचे चित्र. वर्तुळावर चढवलेल्या देवनागरीची शिरोरेषा तुटते, अक्षरे दातांसारखी सुटी होतात. अक्षर हा चित्राचा भाग आहे, याचा विसर पडलेला असतो.

तो विसर किती मोठा आहे हे शिवराईशेजारी ठेवून कळते. शिवछत्रपतींच्या या तांब्याच्या नाण्यावर चेहरा नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे कडे. हाताने घाव घालून पाडलेली ही नाणी. पुष्कळदा साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे एखादे अक्षर बाहेरच राहिलेले. तरी ओळींच्या आडव्या रेषांनी मैदान असे वाटून घेतलेले असते की कुठेही पोकळ वाटत नाही. 1999 मध्ये त्याच राजाच्या नावाने अकरा कोनांचे 2 रुपयांचे नाणे निघाले. त्यावर दाढी, मिशा आणि शिरोभूषण यांनी ओळखू येणारा, छापील चित्रांतून घरोघर गेलेला चेहरा आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला आणखी एक रूप माहीत असते: सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरातली दाढी नसलेली, नावाड्याच्या धाटणीची टोपी घातलेली मूर्ती. कोणते रूप खरे हा वाद इथे नको. कलेच्या बाजूने एवढेच म्हणायचे की त्या मूर्तीमागे कोणीतरी एक निर्णय घेतलेला दिसतो, आणि नाण्यामागे रूढ चित्रावर भागवलेले.

सगळीच नाणी अशी नाहीत. 2003 मध्ये भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेल्या 2 रुपयांवर हातात कंदील घेतलेला भोलू हत्ती आहे. मुळात तो रेघेतलाच, त्यामुळे बसक्या उठावात त्याचे काही बिघडत नाही. माध्यमाला झेपेल तेवढेच मागितले, म्हणून ते नाणे जमले.

आता संग्राहकाच्या जबाबदारीकडे. 2015 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या 125 व्या जयंतीनिमित्त 10 रुपयांचे आणि 125 रुपयांचे अशी दोन नाणी निघाली. 125 रुपयांचे नाणे कोणी मासळीबाजारात मोडत नाही. ते वेष्टनात येते आणि कपाटात राहते. अशा नाण्यांवरच सारी हौस खर्च होऊ लागली तर स्मारक नाण्याचे मूळ काम, म्हणजे स्मरण हातोहात फिरवण्याचे, कोण पाहणार? कलेच्या दृष्टीनेही फिरलेल्या नाण्याला मोल आहे. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग आधी झिजतो. म्हणजे झीज ही शिल्पकाराने उंची कुठे ठेवली याचा नकाशाच असते. झिजूनही ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याची रचना पक्की. ज्याचा चार दिवसांत सपाट ठिपका होतो त्याची कच्ची.

म्हणून संग्रहाची छायाचित्रे जोडीने काढावीत: एक कोरे नाणे, एक वापरातले, दोन्हींवर उजेड एकाच बाजूने. आणि नाणी घासू नयेत. आपल्या खाऱ्या, दमट हवेत चांदी काळवंडते, तांब्यावर हिरवे चढते, पीव्हीसीच्या पाकिटात तर लवकरच. तेव्हा चिंच किंवा रांगोळी लावून चकाकी आणण्याचा मोह होतो. त्या चकाकीबरोबर उठावाची बारीक कड कायमची जाते, आणि मग कितीही तिरका उजेड पाडला तरी त्या नाण्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही. पावसाळ्यात कोरड्या डब्यात आणि पीव्हीसी नसलेल्या वेष्टनात ठेवावे, कडेने धरावे, आणि पाऊस उघडला की पडवीत आणून पुन्हा पाहावे.