अकार्बोज : एका अणूची करामत

अकार्बोजचा रेणू कागदावर काढून पाहिला, तर तो आधी पिष्टाचाच तुकडा वाटतो. चार कडी, एकापुढे एक. शेवटची दोन तर चक्क ग्लुकोजची. मधुमेहावरच्या औषधात साखरच? पण पहिल्या कड्यापाशी मर्म कळतं. ते साखरेसारखं दिसतं, साखर मात्र नाही. आणि दुसऱ्या कड्याशी ते जिथे जोडलंय, तिथे ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसला आहे. या रेणूचं सारं सौंदर्य मला त्या एका अणूत दिसतं.

भात असो की भाकरी, पिष्टाच्या साखळ्या तुटून ग्लुकोज सुटं झाल्याशिवाय लहान आतडं ते शोषू शकत नाही. हे शेवटचं तोडकाम आतड्याच्या अस्तरावरची विकरं करतात. अकार्बोज आलं की ती त्यालाच पिष्ट समजून घट्ट धरतात, आणि नायट्रोजनचा सांधा काही त्यांच्याने तुटत नाही. विकर गुंतून पडतं. जेवण तोवर पुढे सरकतं, ग्लुकोज सावकाश सुटत राहतं आणि जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची ती यासाठीच. हे सगळं घडतं आतड्यातच. मूळ रूपातलं औषध दोन टक्केही रक्तात जात नाही.

असा रेणू मातीतल्या ॲक्टिनोप्लेन्स कुळातल्या जिवाणूंनी घडवला. जर्मनीतल्या बायर कंपनीच्या संशोधकांनी १९७७ साली ‘नाटुरविसेनशाफ्टेन’ या जर्मन नियतकालिकात त्याची ओळख करून दिली.

अकार्बोजमुळे न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोटात वायू धरतो. तरी गुण दिसतो: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप-एनआयडीडीएम’ चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपैकी अकार्बोज घेणाऱ्या ३२ टक्क्यांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांत ४२ टक्क्यांना. पण औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी ते मध्येच सोडलं. गुण आणि त्रास एकाच क्रियेतून येतात, म्हणून त्रासाला मी रचनेतला दोष म्हणणार नाही. डोस हळूहळू वाढवला, तर तो पुष्कळदा सोसवतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी. आपली रोजची साखरही याच विकरांनी फुटते. अकार्बोजसोबत इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी दुसरी गोळी चालू असेल आणि रक्तातली साखर फार उतरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर चमचाभर साखर वेळेवर कामी येणार नाही. अशा घरात ग्लुकोजची पावडर हाताशी ठेवा.